कापलेला खोकला

“हा माणूस बोलतो कमी आणि खोकतो जास्त,” आमचे हे कानांवरचे हेडफोन न काढताच पुटपुटले.

हेडफोन घातलेल्या माणसाला वाटतं, आपण मनातल्या मनात बोलतोय. प्रत्यक्षात शेजारच्या खुर्चीतल्या बायकोला सगळं ऐकू जातं. इतक्या वर्षांच्या संसारात यांच्या मनातलं मला जे काही कळलंय, ते बरंचसं असंच, हेडफोनच्या कृपेनं.

शेजारची खुर्ची माझी. आमचं रेडिओ केंद्र म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एक स्टुडिओ. भिंतींना जाड गालिचे ठोकलेले, दार तिजोरीसारखं, खिडकीचं नाव नाही, नुसती दुसऱ्या खोलीत दिसणारी एक बंद काच. या खोलीतून रोज सकाळी जो कार्यक्रम लागतो, त्याचं नाव ‘मोकळी हवा’. दुसऱ्या खोलीत उरलेलं सगळं जग: साहेबांचं टेबल, चहाची किटली, माझा फोन आणि यांचा संगणक. मी श्रोत्यांचे फोन घेते. हे लोकांचं बोलणं साफ करतात. अडखळणं, खाकरणं, नाक ओढणं, वाक्यागणिक येणारं “म्हणजे कसं आहे ना” असं सगळं इतक्या सफाईनं काढतात की बोलणाऱ्याला स्वतःचाच अभिमान वाटावा. म्हणून त्यांचं नाव पडलं कात्री. आणि माइकसमोर बसतात त्या माझ्या नणंदबाई. त्यांना अख्खं शहर ताई म्हणतं. हे तर पाठचे भाऊ, त्यांचा तो जन्मसिद्ध हक्क.

“कोण खोकतंय?” मी विचारलं.

“टायवाले. एक वाक्य, दोन ठसके. गवतातून खडे वेचल्यासारखं झालंय.”

टायवाले म्हणजे उद्याचे पाहुणे. आडनाव काहीतरी भारदस्त होतं, पण त्यांच्या लालभडक टायपुढे ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्यांनी ‘भीती हाच आजार’ अशा थाटाची पुस्तकं स्वतःच लिहून स्वतःच छापली होती. विषय होता क्षयरोग. विषय साहेबांचा. साहेब वयानं आमच्यापेक्षा बरेच लहान, पण टेबल मोठं असल्यामुळे साहेब. ‘मोकळी हवा’ला फोन यायचे कमी झाले होते आणि त्यावर त्यांच्याकडे एकच औषध होतं: दोन बाजू, एक तास.

“एकीकडे छातीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, दुसरीकडे हे,” ते हात चोळत म्हणाले होते. “बाई म्हणणार, क्षयाचा जंतू असतो. हे म्हणणार, नसतो. जुंपू दे!”

“अहो, पण जंतू असतो की,” ताई म्हणाल्या.

“ते श्रोत्यांना ठरवू दे ना, ताई! आपण कोण ठरवणारे?”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी किटलीकडे पाहिलं. हे तर टेबलाखाली कुठलीशी वायर शोधायला गेले आणि विषय नक्की होईपर्यंत वर आले नाहीत.

त्याचं कारण आमच्या घरात होतं. कारण म्हणजे आमचे हेच. काही महिन्यांपूर्वी खोकला हटेना, ताप उतरेना, म्हणून तपासण्या झाल्या आणि निदान झालं. तेव्हापासून गोळ्या सुरू होत्या. पण त्या निदानाचं नाव घरात कुणी घेतलं नव्हतं. सासूबाई ‘छातीचं’ म्हणायच्या. ताई ‘तुझं ते’ म्हणायच्या. हे स्वतः ‘माझा कोर्स’ म्हणायचे, जणू टायपिंग शिकतायत. केंद्रात आम्ही दोघं आणि ताई सोडून कुणालाच माहीत नव्हतं. कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी किटलीशेजारचा यांचा कप वेगळा झाला असता, आणि मग हळूहळू खुर्चीसुद्धा.

गोळ्यांनी मात्र छान गुण आला होता. खोकला गेला, भूक आली, पट्टा पुन्हा जुन्या भोकावर आला. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “लघवी केशरी होईल. घामालाही रंग येईल. घाबरायचं नाही, गोळी पोचली म्हणून समजायचं.” तशी ती पोचत होती. यांच्या पांढऱ्या बनियनांच्या काखेत केशरी झाक यायची. सुरुवातीला मी ब्रश घेऊन तुटून पडले, मग सोडून दिलं. दोरीवरची ती डागाळलेली बनियनं बघून खूश होणारी बाई या शहरात मी एकटीच असेन.

आणि त्याच डॉक्टरीणबाई आमच्या स्टुडिओत मुलाखत द्यायला आल्या. यांनी ते ध्वनिमुद्रण कसं केलं म्हणता? काचेपलीकडे तोंडासमोर वर्तमानपत्र धरून. बाई समजूतदार. जाताना फक्त वर्तमानपत्राला नमस्कार करून गेल्या.

तर टायवाल्यांचे ठसके वेचून झाले. ऐकून बघितलं तर माणूस ओळखू येईना. आवाज कसा, घंटेसारखा! “जंतू तर प्रत्येकाच्या अंगावर असतात. मग सगळेच आजारी का पडत नाहीत? कारण आजार जंतूचा नाही, भीतीचा आहे. गोळी शरीराला गुलाम करते.” मध्ये श्वाससुद्धा लागू नये असा ठणठणीत.

पण त्यात एक घोटाळा झाला. खोकला काढल्यामुळे टायवाल्यांचा भाग चांगलाच आखूड झाला. आता बाजू समान हव्यात. म्हणजे डॉक्टरीणबाईंचंही तितकंच छाटायला हवं. एकाचा खोकला गेला, म्हणून दुसरीचं बोलणं जायचं, असा हा न्याय.

“बाईंचं तसंही रटाळच आहे,” साहेब यांच्या खांद्यावरून वाकून म्हणाले. “ ‘बहुतेक रुग्णांमध्ये’ काय, ‘अभ्यासावरून असं दिसतं’ काय. ते शेवटचं गोळ्यांबद्दल लांबण लावलंय ना, ते उडवा.”

यांनी उडवलं. उडवलेलं आमच्याकडे फेकून देत नाहीत. संगणकात ‘कचरा’ नावाचा एक कप्पा आहे, तिकडे सरकवून ठेवतात. दरवर्षी केंद्राच्या वाढदिवशी वर्षभराचा कचरा ओळीनं लावायचा आणि सगळ्यांनी मिळून ऐकायचा, ही आमची परंपरा. मोठमोठ्या माणसांच्या शिंका, विसरलेली नावं, एका प्राचार्यांची पोटातली गुरगुर. आम्ही हसून लोळतो. ते हसणंसुद्धा माइक लावून मुद्रित करतो, कारण वर्षभराच्या नाटुकल्यांत तेच वापरायचं असतं. गरिबाघरी काही वाया जात नाही.

कार्यक्रम लागला आणि माझा फोन कोकलायला लागला. साहेब खूश. खालून बिस्किटांचे पुडे आले. मला पढवलेलं उत्तर एकच: “आम्ही सल्ला देत नाही, आम्ही दोन्ही बाजू ऐकवतो.” दिवसभर तेच म्हणत होते. संध्याकाळकडे एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला.

“बाई, ते टायवाले कसे खणखणीत बोलले हो! आमच्या सूनबाईंनी दुपारपासून गोळ्या बंद केल्या. बरं केलं ना?”

“काका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका,” असं मी म्हणाले. साहेबांनी टेबलावरून बोट हलवलं. मग मी पुढे म्हणाले, “म्हणजे… आम्ही सल्ला देत नाही.”

“मग टायवाल्यांनी दिला तो काय होता?” काकांनी सरळ मनानं विचारलं. त्याचं उत्तर कुणी मला पढवलं नव्हतं.

कार्यक्रम इतका गाजला की साहेबांनी तो पुन्हा लावला, मग आणखी एकदा. मधेमधे वाजवायला जाहिरातीचे तुकडे हवे होते. ते यांनीच बनवले. टायवाल्यांचं चटपटीत वाक्य निवडायचं, मागे थोडं संगीत, पुन्हा ऐकायचं, संगीत जरा खाली, पुन्हा ऐकायचं. सगळा आठवडा घंटा यांच्या कानात वाजत होती. बाईंचं वाक्य कुणी जाहिरातीला घेत नव्हतं. ‘बहुतेक’ला संगीत लागत नाही.

पुढे काही दिवसांनी दोरीवरचे कपडे काढताना माझ्या लक्षात आलं, यांची बनियनं पांढरीशुभ्र निघालीत.

“नवा साबण चांगला दिसतोय,” सासूबाई म्हणाल्या. साबण त्यांनीच आणला होता.

“चांगला आहे,” मी म्हणाले, आणि बनियन काखेशी उजेडात धरून बराच वेळ उभी राहिले. साबण इतका चांगला नसतो.

मग खोकला आला. आधी पहाटे, तोही उशीत तोंड खुपसून. सासूबाई म्हणाल्या, हवा बदललीय. ताई म्हणाल्या, त्या स्टुडिओतल्या गालिच्यांची धूळ. हे म्हणाले, थंड पाणी प्यायलो. मी लेकीची गादी सासूबाईंच्या खोलीत टाकली.

“का गं आई?” लेकीनं विचारलं.

“तुझे बाबा घोरतात.”

“बाबा घोरत नाहीत, खोकतात,” ती म्हणाली. लहान मुलांना दोन बाजू ऐकवायची सवय नसते.

“पांघरूण घे नीट,” मी म्हणाले.

स्टुडिओत ताईंच्या टेबलावर एक बटण आहे. बोलता बोलता खोकला आला की ते दाबायचं, तेवढ्यापुरता माइक बंद होतो, श्रोत्यांना काही कळत नाही. आमच्या घरात तेव्हा प्रत्येकाच्या हाताशी एकेक तसलं बटण होतं. यांना उबळ आली की कुणी टीव्ही मोठा करायचं, कुणी भांडी घासायला घ्यायचं.

शेवटी एका सकाळी मी बनियन घेऊन यांच्यासमोर उभी राहिले.

“किती पांढरं निघालंय बघा.”

“मस्त,” हे म्हणाले.

“फारच मस्त. केशरी कुठे गेलं?”

यांनी चष्मा पुसायला घेतला. “हे बघ. मला बरं वाटतंय. बरं वाटत असताना रोज मूठभर गोळ्या गिळायच्या म्हणजे… जंतू तर प्रत्येकाच्या अंगावर असतात. मग सगळेच आजारी का पडत नाहीत?”

मी चपापले. शब्द टायवाल्यांचे, थांबायची जागा टायवाल्यांची, ‘सगळेच’वरचा जोरसुद्धा टायवाल्यांचा.

“अहो, हे तुम्ही कुणाचं बोलताय?”

“कुणाचं का असेना. तो माणूस बघ ना! माझ्याहून मोठा. अर्धा तास बोलला, आवाज कसा खणखणीत. एकदा खोकला नाही.”

“खोकला नाही?” माझा आवाज चढला. “गवतातून खडे कोण वेचत होतं?”

हे थांबले. खरंच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते खोटेपण नव्हतं, गोंधळ होता. घर झाडणाऱ्याला घर स्वच्छच असतं असं वाटायला लागावं, तसं काहीतरी. आपणच पुसलेला आवाज आठवडाभर ऐकून ऐकून त्यांना तोच खरा वाटायला लागला होता. पण माणूस गोंधळला की लगेच शहाणा होतो असं थोडंच आहे? उलट चिडतो.

“ती नुसती घशाची खरखर होती,” ते म्हणाले. “आणि आईला काही बोलू नकोस.” मग उबळ आली आणि ते न्हाणीघरात जाऊन नळ सोडून खोकले. हे उठले तेव्हाच मी पाहिलं, पट्टा पुन्हा आतल्या भोकावर गेला होता.

दुपारी मी ते बनियन पिशवीत घालून ताईंकडे गेले. स्टुडिओत त्या एकट्याच होत्या. बोलायचं ठरवून गेले होते, पण सासूबाईंची सून म्हणून इतकी वर्षं गोष्टी गिळायलाच शिकले होते. मी नुसतं बनियन काढून टेबलावर ठेवलं.

ताईंनी ते उलटून काखेत पाहिलं. त्यांना केशरी झाक माहीत होती. आपल्या भावाची बनियनं धुण्याचा अनुभव त्यांना माझ्याही आधीचा. त्यांनी घडी घातली, बाही आत, मग दुसरी बाही आत, अगदी शाळेत जाणाऱ्या मुलाची घालावी तशी.

“कधीपासून?”

“तुमचा तो कार्यक्रम लागला तेव्हापासून.”

“माझा,” ताई म्हणाल्या. घडी घातलेलं बनियन त्यांनी टेबलाच्या कडेला सरकवलं. मग, “मी सांगितलं तर ऐकेल?”

“तुम्ही सांगाल?”

शहरभराशी घडाघडा बोलणारी ही बाई, पण भावाला समोर बसवून ‘तुला अमुक झालंय आणि तू अमुक सोडलंयस’ एवढं म्हणायचं तर त्यांच्यातली सासूबाईंची लेक जागी व्हायची. त्यांनी फक्त विचारलं, “केंद्राचा वाढदिवस परवा ना? यंदाचा कचरा मी लावीन म्हणावं. त्याला जरा आराम.”

वाढदिवसाला साहेबांनी बाहेरच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या, केक कापला. मधोमध हसणं टिपायला माइक ठेवला, त्याच्यावरचा लाल दिवा लागला. हे कोपऱ्यातली खुर्ची घेऊन बसले, मफलर गुंडाळून. मी उठून जिन्याकडची खिडकी सताड उघडली. साहेब म्हणाले, “रस्त्याचा आवाज येईल.” मी म्हणाले, “येऊ दे.”

ताईंनी कचरा लावला. प्राचार्यांची गुरगुर आली. साहेब टेबलावर हात आपटून हसले. एका कवयित्रीबाईंना स्वतःचीच ओळ आठवेना, तिथे मीसुद्धा हसले. मग टायवाले आले.

ख्खॉ. ख्खॉ. “जंतू तर” ख्खॉ. “प्रत्येकाच्या” ख्खॉ, ख्खॉ, “एक मिनिट हं, पाणी,” ख्खॉ.

“अरे देवा, हा तर कोंबडाच!” साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. “कात्री, काय कमाल आहे तुमची! बाहेर हा माणूस सिंहासारखा वाटत होता.”

ठसक्यामागून ठसका येत राहिला. यांनी वेचलेले सगळे खडे, एकही न गाळता. टायवाल्यांना काय झालं होतं ते मला माहीत नाही. घसा असेल, आणखी काही असेल, नसेलही. कुणाच्या नुसत्या खोकल्यावरून निदान करायला मी काही टायवाली नाही. मी यांच्याकडे बघत होते. हे हसत नव्हते. मान खाली घालून ऐकत होते.

मग ठसके संपले आणि मधेच एक संथ, रटाळ आवाज आला. डॉक्टरीणबाईंचा.

“हे जरा लांबेल, पण राहू द्या. दोन-तीन महिन्यांत बरं वाटायला लागतं आणि बहुतेक लोक नेमक्या तेव्हाच गोळ्या सोडतात. बरं वाटणं आणि बरं होणं वेगळं. उरलेले जंतू मग पुन्हा वाढतात, आणि पुढच्या वेळी कधीकधी त्याच गोळ्यांना दाद देत नाहीत. घरातल्या लहान मुलांनाही धोका असतो. म्हणून सोडल्या असतील तर लाजू नका, रागावणार नाही कुणी, परत या. एवढं तरी कृपा करून कापू नका.”

साहेबांचं हसू अर्ध्यावर राहिलं. “हे कसं यात आलं? पुढे घ्या, ताई. हे गमतीचं नाही.”

“नाही,” ताई म्हणाल्या. त्यांचा हात संगणकाच्या बटणावर होता, पण त्यांनी ते दाबलं नाही. त्या भावाकडे बघत होत्या.

आणि तेवढ्यात कोपऱ्यात खोकला सुरू झाला. अगदी तसाच, दोन-दोनाच्या जोडीनं. साहेबांनी आधी स्पीकरकडे पाहिलं, त्यांना वाटलं टायवाले परत आले. स्पीकर गप्प होता. मग त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. हे मफलर तोंडाशी धरून वाकले होते. मी पाणी घेऊन गेले. खोलीत कुणी टीव्ही मोठा करायला नव्हतं, भांडी घासायला नव्हती.

“धूळ आहे हो फार त्या स्टुडिओतल्या गालिच्यांत,” साहेब घाईघाईनं म्हणाले. “साफ करायला सांगतो.”

हे पाणी प्यायले. चष्मा काढला, मफलरनंच पुसला, पुन्हा घातला. खुर्ची पुढे ओढली, माइकच्या ना फार जवळ, ना फार लांब. कुठे बसलं की आवाज नीट लागतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

“धूळ नाही, साहेब,” ते म्हणाले. “मला क्षय आहे. गोळ्यांनी बरा होत आलो होतो. आपला कार्यक्रम मीच कापला, मीच ऐकला, आणि ऐकून गोळ्या सोडल्या. बाईंनी सांगितलं होतं, ते आपण कचऱ्यात टाकलं. खोटं होतं ते आपण हवेत सोडलं.” त्यांना पुन्हा ठसका लागला. तो सरेपर्यंत कुणी हललं नाही. मग त्यांनी लाल दिव्याकडे बोट केलं. “हे उद्या सकाळी ‘मोकळी हवा’त लावा. आणि यातला खोकला कापायचा नाही.”